कोपरच्या खाडीतलं पोतं

गोदानं गुडघाभर चिखलात पाय रोवले, पोत्याची गाठ दोन्ही हातांनी धरली आणि कण्हत कण्हत ओढली. पोतं हललं नाही. ओहोटीनं तिवरांची मुळं उघडी पडली होती, आणि पाणी परत फिरायच्या आत हे काम उरकायला हवं होतं. बांधावर तिची नणंद गंगुबाई राखणीला उभी होती. पदराआडून ती अशी काही दोन्हीकडे बघत होती, की ज्याला संशय यायचा नाही त्यालाही यावा.

"वयनी, सोड ते. कोनतरी बगंल."

"बगू दे. मी काय चोरी करतंय?"

"मंग दुसऱ्याचं पोतं कशाला ओढतंस?"

गोदानं पुन्हा जोर लावला. चिखलानं पचकन आवाज करून पोतं सोडलं आणि गोदा मागच्या मागे चिखलात बसली. लुगडं गेलं ते गेलंच, पण पोतं हातात आलं. पोतं लहानसं, आणि वजन मात्र धोंड्याचं. तिनं ते ओढत ओढत बांधाच्या कडेला आणलं.

संशय हा गोदाचा दागिना होता. नवरा गेल्यावर अंगावरचं सगळं उतरलं, तेवढा एक राहिला. तिचा पंढरी माणूस वाईट नव्हता असं सगळं दिवा गाव म्हणे, आणि ते खरंही होतं, फक्त संध्याकाळनंतर त्याचा प्रत्यय येत नसे. सरकारनं दारूबंदी आणली तेव्हा गोदानं गावदेवीला नारळ फोडला होता. बंदी आली आणि दारू दुकानातून खाडीच्या खाजणात गेली, एवढाच फरक पडला. पंढरी तिवरांत बसून नवसागर घातलेली प्यायला लागला. एका शिमग्याला त्याला डोळ्यांनी दिसेनासं झालं आणि आठव्या दिवशी तो गेला. त्याच्या दहाव्याला गोदानं ठरवलं, की लेक शकू घरात म्हातारी झाली तरी बेहत्तर, पण दारूच्या घरात पोर द्यायची नाही.

त्यापायी तिनं दोन स्थळं मोडली होती. पहिलं मोडलं ते मुलाच्या चुलत्याचे डोळे लाल दिसले म्हणून. पुढं कळलं, त्या बिचाऱ्याचे डोळे आले होते. दुसरं का मोडलं हे तिचं तिलाही नीट सांगता येत नसे. आता हे तिसरं. मुलगा डोंबिवलीजवळच्या कोपरचा, रघु. तिशी ओलांडलेला, कल्याणच्या रेल्वे शेडमध्ये फिटर. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्यांच्या आरमारात पाच वर्षं काढून आलेला. बोटीवर काय करत होता हे तो सांगत नसे, म्हणून लोकांनीच त्याला आपल्या मनानं तोफ देऊन टाकली होती. सुपारी फुटली तेव्हा तो म्हणाला होता, "मी दारू शिवत नाय, मामी." गोदाला तेव्हाच खटकलं. न विचारता सांगतो त्याच्याच कनवटीला बाटली असते, हा तिचा अनुभव.

आणि मग कोपरला दिलेल्या गंगुबाईचा निरोप आला. तुझा होणारा जावई रोज उजाडता होडी घेऊन निघतो. पाण्यावरून वाहत आलेल्या बाटल्या आणि डबे वेचतो. आणि दर चार-आठ दिवसांनी गाठ मारलेलं पोतं खाडीत सोडतो.

खाडीत बुडवलेल्या पोत्याचा अर्थ त्या काळी पोरासोरांनाही ठाऊक होता. हातभट्टीवाले भरलेले डबे पोत्यात घालून चिखलात गाडायचे आणि पोलीस फिरून गेले की ओहोटीला वर काढायचे. नणंदेची कंबर धरलीय, तिचं बघायला हवं, असं सांगून गोदा कोपरला आली. निघताना शकू चुलीपाशी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आये, तू मोडायचं ठरवूनच निंगलीस."

"बगायला चाललेय."

"याच्यावर आता चौथं येनार नाय," शकू म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला वाकली. तिचा चेहरा दिसला नाही. ते वाक्य गेले चार दिवस गोदाला घासात खड्यासारखं लागत होतं.

आता तिनं विळ्याच्या टोकानं गाठ सोडवली. गंगुबाई बांधावरून खाली उतरली आणि दोघींनी पोत्यात डोकं घातलं.

पहिला निघाला तुपाचा डबा. म्हणजे एके काळी डबा होता. आता दोन्ही बाजूंनी भोकं पाडून पापडासारखा चपटा केलेला. मग आणखी तसेच चार. मग नारळाच्या करवंट्या, बारीक फोडलेल्या. गळा फोडलेली औषधाची बाटली. फाटकी वहाण. पोत्याला जागोजागी काजांसारखी भोकं होती आणि उसवू नयेत म्हणून सुतळीनं शिवलेली होती. तळाशी रेल्वेच्या भंगारातले लोखंडाचे तुकडे, तेही एका कापडात नीट बांधून.

गोदानं एकेक वस्तू नाकाशी नेली. बाटलीचा तुकडा तर दोनदा. चिखलाखेरीज कसलाही वास नव्हता, आणि त्या वासाच्या बाबतीत तिचं नाक फसणारं नव्हतं.

"कचरा!" गंगुबाई म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती, थोडी निराशाही होती. "निस्ता कचरा हाय गो. सुटलीस. लगीन लाव."

"कचरा कोन बुडवतंय?" गोदा म्हणाली. "त्यांच्या परड्यात उकिरडा नाय?"

"हाय की. केवरा मोठा."

"मंग?"

गोदा चपट्या डब्याकडे बघत उभी राहिली. दारू निघाली असती तर बरं झालं असतं, असं क्षणभर तिला वाटून गेलं. दारू तिला कळत होती. ज्याच्या हातून कचरासुद्धा इतक्या निगुतीनं लपवला जातो, त्याच्या हातून आणखी काय काय लपलं असेल? वेडाचा झटका येत असेल? बोटीवर कुणाचं काही करून आला असेल? तिनं सगळं होतं तसं भरलं, गाठ मारली आणि पोतं पुन्हा चिखलात लोटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता ती रघुच्या होडीपाशी जाऊन उभी राहिली.

"मना दिव्याला सोड," ती म्हणाली. "आज रविवार, तुला सुट्टी. गाडीत मना चक्कर येते."

डोंबिवलीहून दिवा गाडीनं दहा मिनिटांवर, आणि गोदाला आजवर कशातही चक्कर आलेली नव्हती. रघुनं हात पुढं करून तिला होडीत घेतलं. मध्ये एक अर्धं भरलेलं पोतं होतं. ते त्यानं पायानं आपल्याकडं सरकवलं.

ओहोटी लागली होती, होडी आपोआप चालली होती. मुंब्र्याच्या डोंगरावर ऊन उतरत होतं. मग पाण्यावर एक डबा झुलत येताना दिसला. रघुनं वल्हं आत घेतलं, आकडी लावलेली काठी टाकून डबा ओढला, खिळ्यानं त्याला खाली-वर चार भोकं पाडली, टाचेखाली घालून चपटा केला आणि पोत्यात टाकला. हे सगळं त्यानं इतकं भरभर केलं, की जणू शेजारी कुणी बसलेलं नाही. गोदाला तो डबा नव्हे, ती घाई बघून भीती वाटली. तिच्या मनात शकू आली, आणि मग तिला गप्प बसवेना.

"काल मी तुझं पोतं काढलं," ती म्हणाली.

"ठाव हाय."

"कसं ठाव?"

"सांजच्याला बगितलं. गाठ माझी नव्हती."

म्हणजे तोही बघत होता तर. गोदा सावरून बसली.

"दारू नव्हती त्यात."

"मी सांगितलं व्हतं तुमाला."

"मंग काय हाय ते तरी सांग. मी पोर देतंय, रघु. शेळी नाय देत. लोक म्हनतात तू तोफेवर व्हतास. तोफेवरचा मानूस डबे कशाला बुडवंल?"

रघुनं वल्ह्यावरचा हात पुसला. "तोफ मी लांबून बगितली, मामी. मी कचऱ्यावर व्हतो."

एवढं बोलून तो थांबला. गोदा उठून जाईल असं त्याला वाटलं असावं. पण होडीतून कुणी कुठं उठून जात नाही. ती बसून राहिली, आणि मग तो हळूहळू सांगत गेला.

लंकेतल्या एका बंदरात गोऱ्यांचं मोठं जहाज नांगरलेलं असे. पाणबुड्या त्याच्या कुशीला येऊन लागत, दारूगोळा आणि शिधा भरून घेत आणि पुन्हा निघत. एकेका पाणबुडीत साठ-साठ माणसं, तीन-तीन आठवडे. दिवसभर पाण्याखाली, अंधार पडला की हवा घ्यायला वर. साठ माणसं जेवणार म्हणजे डबे, साली, कागद, चिंध्या हे सगळं साठणार, आणि आत पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा रात्री वर आलं की कचरा समुद्रात सोडायचा. पण तो तरंगला, तर सकाळी शत्रूचं विमान येऊन बघतं. पाण्यावर साली दिसल्या, डबे दिसले, की पाणबुडी इथून गेली आणि अमक्या दिशेला गेली हे त्याला आयतंच कळतं. म्हणून डब्यांना भोकं पाडायची, चपटे करायचे, पोत्याला काजं ठेवायची म्हणजे आत हवा कोंडत नाही, आणि तळाला लोखंड. पोतं सोडलं की त्यानं सरळ तळ गाठला पाहिजे.

"ही पोती मी शिवायचो," रघु म्हणाला. "लोखंड भरून द्यायचो, आनि डबे कसे फोडायचे ते त्यांच्या मानसाला दाखवायचो. गावात कसं सांगायचं? आगऱ्याचा पोर आरमारात गेला, नि गोऱ्यांचा कचरा बांधत बसला."

"कामाला लाज कसली," गोदा म्हणाली. तिला ते खरं वाटत होतं. पण एवढ्यासाठी माणूस नऊ वर्षांनी खाडीतले डबे वेचत फिरत नाही, हेही तिला कळत होतं. तिनं वाट बघितली. वाट बघणं हा संशयी माणसाचा मोठाच गुण असतो.

"एक पानबुडी व्हती," रघु म्हणाला. "नाव सांगायला बंदी. आमी तिला थोरली म्हनायचो. तिच्यावरचा एक सैपाकी मना बिस्कुटं द्यायचा. ती गेली ती परत आली नाय."

"लढाई व्हती, बाबा."

"व्हय. सगले तसंच म्हनाले. सुरुंग लागला असंल, यंत्र बिघरलं असंल. कोनाला ठाव नाय. मना कोन काय बोललं नाय." त्यानं पोत्याचं तोंड उगाचच घट्ट आवळलं. "पोती माझी व्हती तिच्यावर. त्या टायमाला लोखंड कमी आलेलं. गोदामवाला म्हनाला, दोन पोत्यांचं चार पोत्यांत कर. मी केलं."

"मंग? बुडत नव्हती?"

"बुडत व्हती. तशीच कशी देनार? एक पोतं साली, डबे घालून पुरं भरलं आनि पिंपात सोडून बगितलं. पुन्यांदा बगितलं. हलू गेलं, पन गेलं तलाला."

गोदा मिठागरात तीस वर्षं राबली होती. वाफ्यातलं पाणी जसजसं आटतं तसतसं खारट आणि जड होतं, आणि जड पाणी वस्तूला वर ढकलतं. पौषात जी ओली फांदी वाफ्यात टाकली तर तळाला जाते, तीच चैत्रात टाकली तर पाण्यावर येते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं. मिठागरातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. म्हणून 'हलू गेलं' हे शब्द कानावर पडले आणि तिच्या तोंडून प्रश्न निघून गेला. विचारून झाल्यावर तिला कळलं की तो विचारायला नको होता.

"कंच्या पान्यात?"

रघुचे हात वल्ह्यावर थांबले. होडी थोडी आडवी झाली तरी त्यानं ती सरळ केली नाही.

"पिंप जहाजावर व्हतं," तो म्हणाला. "कपरे धुवायचं. पावसाचं पानी."

तो तिच्याकडं बघत राहिला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा आणि कुणीही विचारू नये, असं दोन्ही एकदम तो इतकी वर्षं मागत आला असणार. गोऱ्यांच्या साहेबांना तो सुचला नव्हता, गोदामवाल्याला सुचला नव्हता. खाडीकाठच्या माणसालाच तो सुचायचा, आणि त्या जहाजावर खाडीकाठचा माणूस एकच होता.

"ती गेली त्याच्या सहाव्या दिवशी जेवायला बसलो व्हतो," रघु म्हणाला. "घास तोंडात तसाच रायला. बापूस मिठागरावर, आजा मिठागरावर, मामी. नि मी पोतं गोड्या पान्यात बुडवून बगितलं."

"कोनाला सांगितलंस?"

"कोनाला सांगनार? ती कुटं हाय ते सांगायलासुदीक कोनाला ठाव नव्हतं."

गोदा चार दिवस ज्याच्या मागावर होती ते आता तिच्या समोर होतं, आणि ते तिला हवं होतं त्यापेक्षा फार मोठं होतं. या माणसानं कुणाला मारलं होतं की नव्हतं? समुद्राखेरीज ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पोती वर आली असतील, नसतीलही. आली असली तरी कुणी बघितली असतील, नसतीलही. जन्मभर दुसऱ्यावर संशय घेणं तिनं पुष्कळ केलं होतं. पण माणूस स्वतःवरच इतकी वर्षं संशय घेत राहिला की त्याचं काय होतं, हे ती पहिल्यांदा बघत होती. तिला त्याची दया आली. दयेपाठोपाठ शकूची काळजी आली, आणि त्या काळजीतच तिला लख्ख कळलं की असला माणूस आपल्या पोरीला कधी फसवणार नाही.

मुंब्र्याचा डोंगर जवळ आला होता. दिव्याची झाडं दिसू लागली.

गोदा खोटं सहन न करणारी बाई होती. नवऱ्यानं मरताना "आता बरं वाटतंय" म्हटलं, तर "नाय वाटत" असं तिनं त्याला सांगितलं होतं. तिनं घसा साफ केला.

"लोखंड ते," ती म्हणाली. "गोड्या पान्यात बुडलं ते खाऱ्यातबी बुडतंच. पान्याला काय, सगलं पानी सारखं."

रघुनं मान वर केली. गोदानं नजर हलवली नाही. खाडीकाठी जन्मलेलं शेंबडं पोरही हे ऐकून हसलं असतं. रघु हसला नाही.

"तुमी किती वर्सं मिठागरावर हाव, मामी?"

"तीस."

"तीस वर्सं," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, लहान पोरानं विचारावं तसं, "मंग तुमाला ठाव असंल?"

"ठाव हाय म्हनून तर सांगतंय." तिचा आवाज चढला. "आनि हे बग, बेस्तरवारी लगनाची हलद कुटायला बाया येनार. आमच्याकरं मुसला कमी हाईत. तुझ्या आयसला सांग, दोन पाठव."

"सांगतो."

त्यानं वल्हं उचललं, पण मारलं नाही. तोंड फिरवून तो पैलतीराकडं बघत बसला आणि त्याचे खांदे हलू लागले. पुरुष माणूस रडत असला की बघू नये, म्हणून गोदानं आपलं सगळं लक्ष लुगड्याच्या काठावरचा कालचा चिखल नखानं खरवडण्यात घातलं. होडी आपली ओहोटीबरोबर दिव्याकडं सरकत राहिली.